न नेलेल्या चिठ्ठ्या

ग्रिम्सबीत फेब्रुवारी म्हणजे खोकला.
गोदीवरचा वारा ज्याच्या त्याच्या छातीत
आपली एक शिट्टी ठेवून जातो
आणि सोमवारी आठच्या ठोक्याला फोन सुरू होतात.

माझ्याकडे माणशी दहा मिनिटं.
त्यातली दोन कोट काढण्यात जातात,
एक घालण्यात.

कीथ ब्लँचर्ड, एकाहत्तर, पूर्वी ट्रॉलरवर.
रुमाल उघडून पुढे धरतो : हिरवं आहे, बघा.
मासळी ताजी की शिळी ते जणू मीच ठरवायचंय.
मी म्हणते, रंगाला घाबरू नका,
व्हायरस आहे, अँटिबायोटिकचं त्याच्यापुढे काही चालत नाही.
तीन आठवडे राहील खोकला.
"म्हणजे तुम्ही काहीच देत नाही."

या काहीच नाहीला आमच्याकडे शब्द आहे,
दुखणं अंगावर काढणं.
पण तो दोष देताना वापरतात.
मयताला जमलेले हळूच बोलतात,
फार अंगावर काढलं हो त्यांनी.
तेच मी इथे इंग्रजीतून सल्ला म्हणून देते,
वर हसते.

वडिलांचा दवाखाना विट्याला, एसटी स्टँडच्या मागे.
सुई टोचल्याशिवाय माणूस बाकावरून उठायचा नाही.
कॅल्शियमची ऊब घशापर्यंत चढली की म्हणायचा,
डॉक्टरांच्या हाताला गुण आहे.
एकदा मी विचारलं, हे खोटं नाही का, बाबा?
म्हणाले, हात तर खरा होता ना.

कीथही उठत नाही.
कोटाचं एकच बटण लावून थांबलाय.
"डोरीनलाही थांबा म्हणाले होते,"
खिडकीला सांगितल्यासारखं सांगतो.
"बुधवारी. शनिवारी गेली."

दहा मिनिटं कधीच संपली. बाहेर कुणीतरी घसा खाकरतं.
मी स्टेथोस्कोप पुन्हा लावते,
पाठीला, दोन्ही बाजूंनी, पार खालपर्यंत,
आणि त्याचे श्वास मोजते, मोठ्याने,
त्याला ऐकू जातील असे.
मग चिठ्ठी लिहिते, पण हातात देत नाही.
मॉरीनकडे राहील. गुरुवारपर्यंत उतार नाही पडला तर न्या.
धाप लागली तर गुरुवारची वाट बघू नका.

त्याच्यानंतर रासा, पॅकिंगमधून थेट,
केसांवर अजून जाळी.
घसा लाल. पू नाही, गाठी नाहीत, ताप नाही.
लिथुआनियाहून आई गोळ्या पाठवते, ती म्हणते,
तीन उरल्यात, त्या घेऊ?
कसल्या?
पांढऱ्या.
मी समजावू लागते,
अर्धा मार खाल्लेला जंतू कसा शहाणा होऊन परततो,
तर ती मध्येच, उद्यापर्यंत बरं वाटेल का?
एजन्सी पहिले तीन दिवस पैसे देत नाही.

म्हणजे हिला गोळी नकोच होती,
उद्याचा दिवस हवा होता.
तो माझ्या कॉम्प्युटरच्या यादीत नाही.
तिचीही एक चिठ्ठी लिहिते, गुरुवारची.

शुक्रवारी मॉरीन ट्रे घेऊन येते.
न नेलेल्या चिठ्ठ्या, हिरव्या, या आठवड्यात नऊ.
नऊ जण आपले आपण बरे, ती खूश.
रासाची त्यात नाही.
सोमवारीच नेली, म्हणे, साडेपाचला, रडकुंडीला येऊन.
कीथची आहे.

न नेलेल्या चिठ्ठीचे अर्थ दोन,
आणि दोन्हींचा कागद सारखाच.
मी फोन लावते. वाजतो. वाजत राहतो.
आधी खोकला येतो, मागून माणूस.
"तुम्ही कशाला फोन केलात?"
सहज, मी म्हणते.
त्याच्या स्वयंपाकघरात किटली शिट्टी घालते, तो ती बंद करून येतो.
"अजून हिरवंच आहे," सांगतो.
"पण काल झोप लागली."

मॉरीन चिठ्ठी फाडायला घेते.
राहू दे, मी म्हणते,
सोमवारपर्यंत.